गेलेल्या मित्राचा गेमसंग्रह माझ्याकडे आलाय, पुढे काय करू?

दुसरा पॅड (धागालेखक)

माझा शाळेपासूनचा मित्र गेल्या वर्षी गेला. आजार लांबला होता, त्यामुळे शेवट कुठे आहे ते सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण सामानाचा विषय कोणी काढला नव्हता. आता त्याच्या ताईने घर आवरायला घेतलंय आणि गेमचा सगळा पसारा माझ्या हवाली केलाय. "यातलं काय काय आहे ते तुलाच कळेल," एवढंच ती म्हणाली.

पसारा बराच आहे. कन्सोल, म्हणजे गेम खेळायची यंत्रं, अशी: निन्टेन्डो ६४ आणि त्याच्या कॅसेटी, गेम बॉयच्या दोन पिढ्या, डीएस लाइट, पहिलं, दुसरं आणि तिसरं प्लेस्टेशन, पहिला एक्सबॉक्स, एक पीएसपी, एक स्विच. मेमरी कार्डांनी भरलेला डबा, कुठल्या कार्डात काय आहे याचा पत्ता नाही. एका जाड वहीत हाताने काढलेले नकाशे आणि पासवर्ड. शिवाय कॉम्प्युटरवर स्टीम या ऑनलाइन गेमदुकानाचं खातं, ज्यात बहुधा कपाटातल्यापेक्षा जास्त गेम असतील.

मी गेम खेळतो, पण संग्राहक नाही. आमच्यात पहिला पॅड (हातात धरून खेळायचा कंट्रोलर) नेहमी त्याचा असायचा. हे सगळं ठेवायचं, वाटायचं, विकायचं की कुठे द्यायचं, काहीच ठरत नाहीये. ताईला विचारलं की ती म्हणते तूच ठरव. ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे किंवा ज्यांना या यंत्रांतलं कळतं त्यांनी सांगा.

---

नवखा

वाईट वाटलं वाचून. मी तर सगळं जसंच्या तसं एका खोलीत मांडून ठेवलं असतं.

---

लूज कॉन्टॅक्ट

आधी थांबा. काही उघडू नका, काही पुसू नका आणि कुठल्याही गेममध्ये 'न्यू गेम' दाबू नका. ठेवायचं की विकायचं ते नंतर ठरवता येईल. या ढिगात एकच गोष्ट अशी आहे जी पुन्हा कुठेही मिळणार नाही, ती म्हणजे त्याने केलेली सेव्ह, म्हणजे खेळ कुठवर आला त्याची साठवलेली नोंद. गेम परत मिळतात.

जुन्या कॅसेटींमध्ये सेव्ह दोन तऱ्हांनी राहतं. काहींत ते ईईप्रॉम किंवा फ्लॅश चिपवर असतं, त्याला वीज लागत नाही. सुपर मारिओ ६४ या जातीतला. बाकीच्यांत ते एसरॅमवर असतं. वीज गेली की ही चिप सगळं विसरते, म्हणून आत एक बटन सेल डाग देऊन बसवलेला असतो. झेल्डाचा ओकारिना ऑफ टाइम आणि गेम बॉयचे पोकेमॉन रेड, ब्लू, गोल्ड, सिल्व्हर हे सगळे सेलवाले. गोल्ड-सिल्व्हरमध्ये तर घड्याळसुद्धा त्याच सेलवर चालतं, त्यामुळे तो आणखी लवकर संपतो. त्या कॅसेटी १९९९-२००० च्या सुमाराच्या. अजून जीव असेल तर नशीब समजा आणि त्याच आठवड्यात सेव्ह कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. सेल मीटर लावून मोजता येतो. मूळ ३ व्होल्टचा असतो, २.५ च्या खाली गेला असेल तर वेळ फार नाही.

उलट गेम बॉय ॲडव्हान्सवरच्या पोकेमॉन रुबी, सफायर, एमरल्डमध्ये सेल फक्त घड्याळापुरता आहे. चालू केल्यावर आतला सेल संपल्याचा संदेश आला तरी घाबरायचं कारण नाही, सेव्ह फ्लॅशवर शाबूत असतं.

उतरवायला कॅसेट वाचणारी छोटी यंत्रं मिळतात, यूएसबीने कॉम्प्युटरला लागतात. गेम बॉयसाठी जीबीएक्सकार्ट, निन्टेन्डो ६४ आणि इतर बऱ्याच कन्सोलसाठी सॅनी कार्ट रीडर नावाचा ओपन सोर्स प्रकल्प आहे. लावण्याआधी कॅसेटच्या पट्ट्या ९० टक्क्यांच्या वरच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. फुंकर मारायची सवय सोडा, थुंकीतल्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात. एकच सेव्ह दोनदा उतरवा आणि दोन्ही फाइली तंतोतंत जुळतात का बघा. जुळल्यावरच सेल बदलायचा, कारण सेल काढला की चिपवरचं सगळं जातं. मग तीच फाइल परत कॅसेटवर चढवायची.

प्लेस्टेशनच्या मेमरी कार्डांना सेल नसतो, त्यामुळे ती निवांत. पहिल्या प्लेस्टेशनचं कार्ड १२८ केबीचं, १५ कप्प्यांचं. डिस्क न घालता कन्सोल चालू केला की कार्डाची यादी दिसते. प्रत्येक यादीचा फोटो काढा, कार्डावर आकडा चिकटवा.

तिसरं प्लेस्टेशन मात्र नाजूक प्रकरण. त्याची हार्ड डिस्क त्या एकाच यंत्राच्या किल्लीने कुलूपबंद असते, काढून कॉम्प्युटरला लावली तर काही वाचता येत नाही. काही गेमची सेव्ह पेनड्राइव्हवरही जात नाहीत. तेव्हा तो कन्सोल अखंड ठेवा आणि आतला यूजर काढू नका, यूजरबरोबर त्याची सेव्ह जातात.

---

उद्या बघू

+१ लूज कॉन्टॅक्ट. वाखुसा (वाचनखूण साठवली).

अवांतर: मी जुन्या वस्तूंमधून घेतलेल्या पोकेमॉनच्या कॅसेटमध्ये कुणा अनोळखी मुलाचं सेव्ह होतं, कमालीच्या मेहनतीने वाढवलेला संघ. पोकेमॉनच्या त्या कॅसेटींत एकच सेव्ह मावतं, म्हणजे मला खेळायचं तर त्याचं पुसावं लागणार. शेवटी खेळायला दुसरी कॅसेट घेतली. ती पहिली तशीच आहे.

---

सीलबंद

भावना समजू शकतो, पण जरा व्यवहाराचंही बोलू या. संग्रह सांभाळणं हे काम आहे. जागा लागते, कोरडी हवा लागते, उन्हापासून लांब ठेवावं लागतं. यातलं काही विकायचं असेल तर:

ढीग करून एकगठ्ठा विकू नका. डबा, आतली पुस्तिका, पुठ्ठ्याचा साचा आणि कॅसेट एकत्र असेल तर त्याला 'पूर्ण संच' म्हणतात, सुट्या कॅसेटशी त्याची तुलना होत नाही. म्हणून रिकामे डबे फेकू नका आणि कुठली पुस्तिका कुठल्या डब्यातली ते आधी जुळवा. पिवळी पडलेली यंत्रं पेरॉक्साइड लावून पांढरी करण्याच्या भानगडीत पडू नका. प्लास्टिकमध्ये आग रोखण्यासाठी घातलेल्या ब्रोमीनच्या संयुगांमुळे तो रंग येतो, पांढरं केलेलं बऱ्याचदा पुन्हा पिवळं पडतं. गेम बॉय ॲडव्हान्सच्या पोकेमॉन कॅसेटींत नकलांचा सुळसुळाट आहे, तेव्हा अस्सल-नक्कल तपासा. अस्सल कॅसेटच्या तळाशी, सोनेरी पट्ट्यांच्या जरा वर, बोर्डावर निन्टेन्डोचं नाव छापलेलं दिसतं, आणि लेबलवर दाबून उमटवलेला बारीक आकडा असतो.

आणि वर्तमानपत्रांतल्या लिलावांच्या बातम्यांवर जाऊ नका. २०२१ मध्ये सुपर मारिओ ६४ ची एक प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली ती न उघडलेली, वरच्या श्रेणीची होती. खेळलेल्या कॅसेटीचा आणि त्या आकड्याचा संबंध नाही.

---

नेमका प्रश्न

मित्र जाऊन वर्ष झालंय आणि तुम्ही लेबलावरचे आकडे तपासायला सांगताय.

---

सीलबंद

त्याने शेवटी विचारलंय "विकायचं की..." म्हणून सांगितलं. गेलेल्या माणसाच्या वस्तूंना भाव आहे म्हटल्यावर तो कळलेला बरा. नाहीतर हळवेपणात कोणाला तरी देऊन टाकतात आणि घेणारा दुसऱ्या दिवशी विकतो. हेही पाहिलंय.

---

धाकटी

मी पलीकडच्या बाजूने लिहिते. माझा भाऊ गेला तेव्हा त्याचे गेम त्याच्या एका मित्राला दिले. आम्हाला घरात ते डोळ्यांसमोर नको होते, त्यामुळे त्याने नेले याचं बरंच वाटलं. त्याने ते सगळे विकले, आम्हाला न सांगता. विकल्याचा राग नाही. पैसे तर कोणालाच नको होते.

पण एका गेममध्ये दादाने नायिकेला माझं नाव दिलं होतं. मी लहान असताना त्याच्या शेजारी बसून मारामारीत माझं नाव पडद्यावर आलं की ओरडायचे. ते कार्ड कुठे गेलं, आता कोणी सांगू शकत नाही. मला कधी वाटलंच नव्हतं की ते मागायचं असतं, आणि त्यालाही कोणी सांगितलं नव्हतं की विचारायचं असतं.

तेव्हा, दुसरा पॅड, ताई "तूच ठरव" म्हणतेय ते खरंच आहे. प्रत्येक कॅसेट विकताना तिला फोन करू नका, त्याने तिला त्रासच होईल. पण एकदा, फक्त एकदा, समोर बसून विचारा की यातलं तू त्याच्याबरोबर काय खेळली होतीस. "तुला काय हवंय" असं विचारू नका. काही नको म्हणेल.

---

दुसरा पॅड (धागालेखक)

धाकटी, फार मोलाचं सांगितलंत. विचारतो.

लूज कॉन्टॅक्ट यांनी सांगितल्याप्रमाणे कार्डांची यादी करायला घेतली आहे. वही नीट पाहिली. त्यात मेट्रॉइड या जुन्या गेमचे पासवर्ड आहेत (त्यात सेव्हऐवजी पासवर्ड लिहून ठेवायचा), चोवीस चोवीस अक्षरांचे, प्रत्येकासमोर त्या वेळी हाती काय काय शस्त्र होतं त्याची नोंद. काही पासवर्डांवर काट मारून "ओ नाही, शून्य" असं लिहिलंय. बाकी पानांवर नकाशे, चौकटीच्या कागदावर, दारांचे रंग रंगीत पेन्सिलीने.

आणखी एक सापडलं. निन्टेन्डो ६४ च्या पॅडला मागून लागणारी ती राखाडी कांडी, कंट्रोलर पॅक. त्यावर चिकटपट्टी लावून "कार्ट" असं लिहिलंय. म्हणजे मारिओ कार्ट ६४, तो गाड्यांच्या शर्यतीचा गेम असणार. यात काय असतं? शर्यतीच्या वेळा तर कॅसेटवरच राहतात ना?

---

लूज कॉन्टॅक्ट

अहो, ते भूत आहे!

मारिओ कार्ट ६४ मध्ये वेळा कॅसेटच्या ईईप्रॉमवर राहतात, बरोबर. पण टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकट्याने घड्याळाशी लावलेल्या शर्यतीत, तुमची अख्खी शर्यत जशी झाली तशी नोंदवून ठेवता येते. पुढच्या वेळी ती अर्धपारदर्शक गाडी होऊन तुमच्याबरोबर धावते, तिलाच गोस्ट म्हणतात. ती नोंद कॅसेटवर मावत नाही, त्यासाठी कंट्रोलर पॅक लागतो. पॅकमध्ये एकूण १२३ पानं, त्यातली १२१ एकट्या मारिओ कार्टची भुतं खातात. म्हणून लोक त्यासाठी वेगळा पॅक ठेवत आणि वर नाव लिहीत. तुमच्या मित्राने नेमकं तेच केलंय.

आता महत्त्वाचं. पॅकमध्येही एसरॅमच आहे आणि आत सीआर२०३२ सेल आहे. तो अजून मूळचा असेल तर पाव शतक उलटून गेलंय. पॅक खोचून गेम चालू करण्याआधी तो रीडरवर उतरवा. काही गेम पॅकमध्ये गडबड दिसली की दुरुस्त करू का असं विचारतात, त्याला चुकूनही होकार देऊ नका, दुरुस्तीच्या नावाखाली सगळं कोरं होऊ शकतं. चालू असताना पॅक उपसू नका.

---

नवखा

म्हणजे त्याने चालवलेली गाडी अजून आत आहे? त्याने घेतलेलं प्रत्येक वळण?

---

लूज कॉन्टॅक्ट

व्हिडिओ नसतो. गाडीची चाल नोंदवलेली असते आणि गेम तीच पुन्हा चालवून दाखवतो. त्यामुळे कुठे घसरला, कुठे भिंतीला घासला, कुठे वेग वाढवणारा मश्रूम वापरला, सगळं दिसतं.

---

रात्रपाळी

एक वेगळा मुद्दा. त्याच्या ऑनलाइन मित्रांना कोणी कळवलंय का? ज्यांच्याशी तो रात्र रात्र खेळायचा त्यांना बहुतेक वेळा घरचे ओळखतच नाहीत. त्यांच्या दृष्टीने तो फक्त यादीत 'ऑफलाइन' दिसतोय.

नॉर्वेतल्या मॅट्स स्टीनचं उदाहरण प्रसिद्ध आहे. स्नायूंच्या दुर्धर आजाराने तो २०१४ मध्ये पंचविसाव्या वर्षी गेला. आईवडिलांना वाटत होतं की आपला मुलगा एकटाच जगला. त्याने आपल्या ब्लॉगचा पासवर्ड मागे ठेवला होता, तो वापरून वडिलांनी बातमी आणि आपला ईमेल लिहिला, आणि वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममधल्या त्याच्या सोबत्यांची पत्रं येऊ लागली. त्यातले काहीजण दुसऱ्या देशांतून अंत्यविधीलाही आले.

संग्रह आवरताना हेही त्याच यादीत धरा. ताईच्या संमतीने, तिच्या शब्दांत, एक छोटा निरोप.

---

पोटकलम

स्टीमबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

कपाटातल्या डिस्क आणि कॅसेटी ही मालमत्ता. त्याच्यामागे वारसांकडे गेली, त्यांनी तुम्हाला दिली, विषय संपला. वारस एकापेक्षा जास्त असतील तर ताईकडून दोन ओळी लिहून घ्या. पुढे एखादी महाग वस्तू निघाली की नातेवाइकांची स्मरणशक्ती अचानक तल्लख होते.

खात्यातले गेम ही मालमत्ता नाही, वापरण्याचा परवाना आहे, तोही त्या व्यक्तीपुरता. स्टीमच्या करारात खातं दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, आणि मृत्युपत्राने देता येतं का या प्रश्नावर २०२४ मध्ये त्यांच्या ग्राहकसेवेने दिलेलं नकारार्थी उत्तर बरंच गाजलं. त्याच सुमारास जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन गेमदुकानाने सांगितलं की न्यायालयाने त्या खात्यावर कोणाचा हक्क आहे असा स्पष्ट आदेश दिला तर ते पाळण्याचा प्रयत्न करतील. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१८ मध्ये एका मृत मुलीचं फेसबुक खातं आईवडिलांना वारसाहक्काने मिळतं असा निकाल दिला, पण तो एका देशाचा आणि समाजमाध्यमाच्या खात्याचा. गेमच्या दुकानांना तो आपोआप लागू होत नाही. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा केला, त्यानुसार विक्रेत्याने "हा परवाना आहे" हे खरेदीच्या वेळी स्पष्ट सांगावं लागतं. म्हणजे गेम तुमचे होत नाहीत, निदान होत नाहीत हे कळतं.

पासवर्ड माहीत असेल तर लोक गुपचूप खातं चालू ठेवतात. करारात ते बसत नाही. घरच्यांना विचारल्याशिवाय तर मुळीच करू नका, कारण तिथे त्याचे खाजगी संवादही आहेत.

---

सीलबंद

म्हणूनच मी डिस्कच घेतो.

---

नेमका प्रश्न

वर सगळे काय करायचं ते सांगतायत. दुसरा पॅड यांना हे हवंय का, हे कोणी विचारलं नाही. ताईने दिलं म्हणून घेतलं, पण नको असेल तर नको म्हणता येतं. मित्र होता म्हणजे त्याच्या कपाटाचा राखणदार झालंच पाहिजे असं नाही. वर नवखा यांनी सुचवलेली खोली मी एका ओळखीच्यांकडे पाहिली आहे. पहिले काही महिने लोक येऊन बघून गेले, नंतर तिथे इस्त्रीचे कपडे पडायला लागले.

---

संग्रहपाल

संग्रहालयाला देण्याचा विचार येतोच, म्हणून दोन शब्द. अमेरिकेत रोचेस्टरला 'द स्ट्राँग' नावाचं खेळांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, बर्लिनला १९९७ मध्ये सुरू झालेलं कॉम्प्युटर गेमचं संग्रहालय आहे, इंग्लंडमध्ये शेफिल्डलाही एक आहे. पण आधी पत्र लिहून विचारा, खोकी पाठवू नका. लाखोंनी खपलेल्या गेमच्या प्रती त्यांच्याकडे बहुधा असतातच.

अशा ठिकाणी नसतं ते तुमच्या मित्राच्या वहीत आहे. सामान्य खेळणाऱ्याने गेम कसा खेळला याचे पुरावे फार थोडे उरतात, कारण ते रद्दीत जातात. नकाशे, पासवर्ड, मासिकांची कात्रणं, दुकानाच्या पावत्या, पॅकवरची ती चिकटपट्टीसुद्धा. चिकटपट्टी काढू नका. वही कोणाला द्यायची नसेल तरी पानन् पान स्कॅन करा.

जुने गेम परत मिळतात असं लूज कॉन्टॅक्ट म्हणाले, त्यावर थोडी दुरुस्ती. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात रीतसर विक्रीला नव्हते असं आढळलं. मिळतात ते जुन्या प्रतीच हातोहात फिरतात म्हणून. या दृष्टीने, नको असलेला गेम माळ्यावर टाकण्यापेक्षा खेळणाऱ्याच्या हाती जाणं हेसुद्धा जतनच.

---

लूज कॉन्टॅक्ट

दुरुस्ती मान्य.

आता सुरक्षिततेचं, कारण यादीत पीएसपी आहे. त्याची बॅटरी लगेच बाहेर काढून बघा. फुगली असेल, मागचं झाकण उचललं गेलं असेल तर चार्ज करू नका, टोचू नका, ई-कचऱ्यात द्या. डीएस लाइटचंही तेच. चांगल्या असतील तर अर्ध्या चार्जवर ठेवा, पूर्ण रिकाम्या ठेवल्या की मरतात. गेम बॉयमध्ये एए सेल राहिले असतील तर काढा. पांढरी भुकटी साठली असेल तर व्हिनेगर लावलेल्या कापसाने पुसून वरून अल्कोहोल.

पहिल्या एक्सबॉक्समध्ये घड्याळासाठी एक कपॅसिटर आहे, तो पाझरतो आणि आजूबाजूचा बोर्ड खातो. १.६ ही शेवटची आवृत्ती सोडून बाकी सगळ्यांतला तो काढून टाकतात. वेळ लक्षात राहणार नाही, बाकी काही बिघडत नाही.

आणि डीएस लाइट कोणाला देऊन टाकण्याआधी: ॲडव्हान्सच्या कॅसेटीतले पोकेमॉन रीतसर पुढच्या पिढीच्या गेममध्ये न्यायचे असतील तर त्याचा तळाचा खाचा लागतो. पुढच्या डीएसआयमध्ये तो काढून टाकला. गोल्ड-सिल्व्हरच्या कॅसेटीतले मात्र अधिकृतपणे कुठेच नेता येत नाहीत, ते त्या कॅसेटीतच राहतात.

---

बेटावरची

स्विचबद्दल कोणी बोललं नाही. त्यावर ॲनिमल क्रॉसिंग न्यू होरायझन्स (बेटावर घर करून राहायचा गेम) आहे का? असेल तर नीट वाचा.

स्विचमध्ये सेव्ह कार्डावर नसतं, एसडी कार्डावरही नसतं, कन्सोलच्या पोटात असतं. गेमचं कार्ड ठेवून कन्सोल विकला तर हाती काही उरत नाही. न्यू होरायझन्समध्ये तर एका कन्सोलवर एकच बेट, घरातले सगळे त्याच बेटावर राहतात. ज्याने बेट सुरू केलं तो मुख्य रहिवासी. पूल, दुकानांच्या जागा हे सगळं त्याच्याच हाती असतं, बाकीच्यांना तिथे हात लावता येत नाही. आपलं घर सजवता येतं, झाडं लावता येतात.

खेळ घड्याळाप्रमाणे चालतो, त्यामुळे वर्षभराने गेलात तर तण माजलेलं असेल, घरात झुरळं निघतील आणि शेजारी विचारतील की इतके दिवस कुठे होता. हे आधीच माहीत असलेलं बरं. तयारी नसताना ते वाक्य वाचलं की कठीण जातं.

या गेमची सेव्ह नेहमीच्या क्लाउडमध्ये जात नाहीत, बेटाचा वेगळा बॅकअप चालू करावा लागतो. इतर गेमची क्लाउड सेव्ह निन्टेन्डोच्या ऑनलाइन सेवेचं सभासदत्व संपल्यावर १८० दिवस ठेवतात, नंतर भरवसा नाही. तेव्हा सभासदत्व कधी संपलं ते बघा.

---

दुसरा पॅड (धागालेखक)

बऱ्याच गोष्टी झाल्या, एकेक सांगतो.

ताईशी बोललो, धाकटी यांनी सांगितलं तसं. "त्याच्याबरोबर काय खेळलीस" म्हटल्यावर आधी ती म्हणाली, मला कुठे येतं गेम खेळायला. मग म्हणाली, ते बेट होतं ना, तिथे माझं घर आहे.

स्विच चालू केला तर खरंच आहे. त्याच्या घराच्या खालच्या बाजूला, समुद्राकडे. तो दवाखान्यात असताना ती घरून त्याच्या झाडांना पाणी घालायची आणि फोटो पाठवायची. हा कन्सोल मी विकण्याच्या यादीत टाकला होता, कारण यादीतलं सगळ्यात नवं तेच. आता तो अख्खा तिच्याकडे गेला, यूजर जसेच्या तसे. बेटाचा बॅकअप चालू करून दिला. तण तिने स्वतः उपटलं. एक पूल तिला हलवायचा होता, बेटावरची यांनी लिहिलंय तसं तो हलत नाही. "बरोबर आहे, हा पूल कुठे असावा यावरून आम्ही भांडलो होतो," म्हणाली.

पोकेमॉन गोल्डचा सेल संपलेला निघाला, त्यातलं गेलं. रेड शिल्लक होता, उतरवला. ओकारिनाही उतरवला.

पॅक उतरला. दोन्ही वेळा फाइल जुळली. मग सेल बदलून परत चढवला आणि खेळलो. रेनबो रोड या ट्रॅकवरचं भूत आहे. सुरुवातीच्या मोठ्या उतारावरून कठड्यापलीकडे उडी मारून खालच्या रस्त्यावर पडायची जी युक्ती आहे, ती त्याने साधली आहे. ती त्याला क्वचितच जमायची, बहुतेक वेळा थेट खाली पडायचा आणि पॅड माझ्या हातात द्यायचा. जमली ती शर्यत त्याने जपून ठेवली, आणि मला कधी सांगितलं नाही. तिसऱ्या फेरीत मात्र एका वळणाला उगाच घासलाय. मी अजून त्याच्या जवळपासही नाही.

नेमका प्रश्न, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: सगळं नकोय. निन्टेन्डो ६४, वही आणि कार्डांचा डबा मी ठेवतोय. दुसरं-तिसरं प्लेस्टेशन आमच्या गटातल्या दोघांना, जे त्यावर त्याच्याबरोबर खेळायचे. उरलेलं सीलबंद यांच्या सल्ल्याने पूर्ण संच जुळवून विकणार, पैसे ताईकडे. स्टीमला हात लावला नाही. तिथल्या मित्रांना ताईने निरोप लिहिला, उत्तरं येतायत. तिला त्यातले बरेच शब्द कळत नाहीत, मला विचारते.

---

धाकटी

छान झालं. पूल हलला नाही हे तर फारच छान.

---

सीलबंद

एक्सबॉक्सचे डबे असतील तर यादी व्यक्तिगत निरोपात पाठवा, भाव ठरवायला मदत करतो. मला काही घ्यायचं नाही, आधीच सांगतो.

---

नवखा

एक विचारू? ते भूत दुसऱ्या कोणाला पाठवता येतं का? तुमच्या गटातल्या बाकीच्यांना, ज्यांच्याकडे तो कन्सोलच नाही?

---

लूज कॉन्टॅक्ट

येतं की. पॅकची अख्खी फाइल ३२ केबीची असते, मेलला जोडून जाते. निन्टेन्डो ६४ चे बहुतेक एमुलेटर (कॉम्प्युटरवर कन्सोलची नक्कल करणारे प्रोग्राम) ती आभासी पॅक म्हणून उघडतात, ज्याच्याकडे खरा कन्सोल आणि पॅक आहे तो रीडरने चढवू शकतो. फक्त गेमची आवृत्ती त्याच विभागाची घ्या, वेगवेगळ्या देशांतल्या टीव्हींच्या ५० आणि ६० हर्ट्‌झच्या घोळात पडू नका. आणि पाठवताना सगळ्यांना बजावा: भुताबरोबर कितीही शर्यती करा, काही बिघडत नाही, पण शेवटी नवी शर्यत साठवू का असं गेम विचारेल तेव्हा मूळ फाइल दुसरीकडे ठेवल्याची खात्री करूनच हो म्हणा.